धरून ठेवलेलं चित्र

आपलं काम ती एका दमात सांगायची. कॅमेरा बघतो, रेकॉर्डर साठवतो, आणि साठवलेलं चित्र माणसाला पुन्हा दाखवतो तो आमचा प्लेअर. कुणी फारच खोलात शिरलं तर ती पुढे सांगायची, की चित्र लाइनवरून अख्खं येत नाही, तुकडे होऊन येतं. त्या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर अनुक्रमांक असतो, वेळ असते, आणि एक बारीक खूण करायची सोय असते. रेकॉर्डिंग मध्येच तुटलं असेल, तर तुटल्यानंतरच्या पहिल्या पॅकेटवर रेकॉर्डर ती खूण करतो. म्हणजे, बाबांनो, याच्या लगेच आधीचं माझ्याकडे काही नाही.

बहुतेक लोक इथपर्यंत येता येता जांभई देत. तिचे वडील देत नसत. ते पाणीपुरवठ्याच्या पंपघरात ऑपरेटर होते. बत्तीस वर्षं दर तासाला काट्यांची नोंद करणारा माणूस. त्यांनी चष्मा पुसत विचारलं होतं, "मग तुटलेल्या जागी तुम्ही काय दाखवता?"

"शेवटचं चित्र धरून ठेवतो," ती म्हणाली होती.

"आणि बघणाऱ्याला कळतं का, की हे धरून ठेवलेलं आहे?"

ती हसली होती. कळू नये म्हणूनच तर ते केलं होतं.

केलं होतं तिनेच, सहा वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या वर्षात. कचेरीचे प्रमुख म्हणजे पाठीमागे सगळे ज्यांना घाईसाहेब म्हणत ते. त्यांचं म्हणणं असं, की काळा पडदा दिसला की ग्राहकाचा फोन येतो आणि फोन आला की आपला रक्तदाब चढतो. तेव्हा पडदा काळा दिसता कामा नये. तिने बावीस ओळी लिहिल्या. खंड आला की शेवटचं चित्र तसंच ठेवायचं, खालचं घड्याळ चालू द्यायचं, आणि पुढचं चित्र आलं की गुपचूप तिथून पुढे जायचं. खंडाची खूण वाचायची आणि सोडून द्यायची. फोन बंद झाले. तिला सगळ्यांसमोर शाबासकी मिळाली. रिकाम्या खोलीचं धरून ठेवलेलं चित्र आणि रिकाम्या खोलीचं खरंखुरं चित्र यांत काही फरक उरत नाही, हे त्या दिवशी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

मग एका मंगळवारी दुपारी दोन वाजून सात मिनिटांनी पंपघराच्या तळाशी मुख्य नळाचा सांधा फुटला आणि भोंगा वाजला. अशा वेळी वीस लोखंडी पायऱ्या उतरून खालचा व्हॉल्व्ह हाताने बंद करावा लागे. चाकाचे चाळीस फेरे. जोडीदार रजेवर होता, बाबा एकटे होते. साडेतीनला माणसं पोहोचली तेव्हा चाक सव्वीस फेरे फिरवलेलं होतं आणि बाबा खालून चौथ्या पायरीवर, भिंतीला टेकून बसलेले होते. हृदय बंद पडलं होतं.

तळमजल्यावरची दोन यंत्रं बुडाली. निम्म्या शहराला तीन दिवस पाणी नव्हतं, आणि शहराला तीन दिवस पाणी नसलं की कुणाचा तरी गळा धरावाच लागतो. मेलेल्या माणसाचा धरायला सोपा. तो हात झटकत नाही.

खात्याचा अहवाल दीड महिन्याने घरी आला. तिने तो आईला वाचून दाखवला, कारण आईने तसं बजावलं होतं, गाळायचं नाही. सातव्या पानावर लिहिलं होतं, 'भोंगा वाजल्यापासून अकरा मिनिटं वीस सेकंद ऑपरेटर आपल्या जागेवर नव्हते. रेकॉर्डिंगमध्ये खुर्ची सलग रिकामी दिसते. जागा सोडून गेल्यामुळे व त्यानंतर उशिरा पोहोचल्यामुळे व्हॉल्व्ह वेळेत बंद झाला नाही.'

 आई म्हणाली, की घरी पाहुण्यांशी बोलताना रस्त्यावर कुठे भोंगा वाजला तरी हा माणूस अर्ध्या वाक्यावर उठायचा. हा जागा सोडेल?

काकांचं, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाचं, मत पडलं की झालं गेलं विसरावं. कागदाला कोण विचारतं. पोरीने आता पुढे बघावं. काका वाईट नव्हते. त्यांना रडणाऱ्या बायका सोसत नसत, आणि न रडणाऱ्या त्याहून सोसत नसत.

अहवालाला सात चित्रं जोडली होती, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने काढलेली. कॅमेरा दाराच्या वर होता. त्यात टेबल, खुर्ची आणि पलीकडे पायऱ्यांचं तोंड एवढंच येई. तिने सातही पानं ओळीने मांडली. सातही चित्रांत रिकामी खुर्ची. टेबलावर खिडकीतून पडलेला उन्हाचा चौकोन. पहिल्या सहा चित्रांत तो चौकोन एकाच जागी होता, केसभरही हललेला नव्हता. सातव्यात तो एकदम दोन बोटं सरकला होता.

दुपारी दोनचं ऊन अकरा मिनिटं थांबून राहत नाही. त्याला कुणीतरी धरून ठेवावं लागतं.

खात्याकडेही त्यांच्याच कचेरीचा प्लेअर होता, आणि आपलं अक्षर ओळखावं तशा तिने त्या बावीस ओळी ओळखल्या.

खात्याकडे रीतसर अर्ज करून तिने रेकॉर्डरसकट मूळ रेकॉर्डिंग मिळवलं. भोंगा वाजायच्या थोडं आधी बाबा खुर्चीवरून उठले होते आणि मोठ्या यंत्रामागच्या काट्यांकडे गेले होते. पुढच्याच क्षणी पाणी कुठल्याशा जोडणीत शिरलं असावं आणि रेकॉर्डर मुका झाला. अकरा मिनिटं वीस सेकंदांनी तो पुन्हा लिहू लागला, आणि पहिल्याच पॅकेटवर त्याने इमानेइतबारे खूण केली, की याच्या आधी माझ्याकडे काही नाही. रेकॉर्डर खरं बोलला होता. खोटं तिच्या प्लेअरने सांगितलं होतं.

घाईसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, ही त्यांच्या दृष्टीने मोठीच गोष्ट. मग म्हणाले, "आपल्याच प्लेअरने खोटं दाखवलं, असं तू चौकशी समितीला लेखी देणार? आपल्याच पायावर धोंडा?"

"धोंडा मीच ठेवला होता, साहेब. आता उचलते आहे."

त्यांनी हरप्रकारे सांगून पाहिलं. ग्राहक बोंब मारतील, बाजारात छी-थू होईल, शिवाय वडील काही परत येणार नाहीत. तिने एवढंच विचारलं, की उद्या तुम्ही जागेवर असताना कॅमेरा बंद पडला, तर माझ्या बावीस ओळी तुमच्याबद्दल काय साक्ष देतील. त्यांनी पेपरवेट उचलून पुन्हा तिथेच ठेवला आणि म्हणाले, की निदान पडदा लाल करू नकोस.

तिने करडा केला. नवा नियम सरळ होता. खंड आला की करडा पडदा, त्यावर एकच ओळ: या वेळेचं रेकॉर्डिंग नाही. खाली घड्याळ चालतं. खंड जेवढा, पडदा तेवढा वेळ. आणि पुढे ढकलायचं बटण तेवढ्या वेळापुरतं बंद. हे शेवटचं कुणी मागितलं नव्हतं. ते तिने आपल्या मनाने घातलं.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा दुपारचे सव्वातीन झाले होते. शेजारी कुणीतरी फोनवर घरभाड्यावरून भांडत होतं, छपाईचं यंत्र कण्हत होतं. १४:०७:३१ ला पडदा करडा झाला. ती हाताची घडी घालून बसली. पडद्याच्या कोपऱ्यात लाइनवरून किती माल येतो आहे ते दाखवणारा एक काटा असे. खोली निश्चल असली की तो खाली राही. चित्रात कुणी हललं की वर चढे, कारण हालचाल पाठवायला जास्त पॅकेटं लागतात. खंडात तो शून्यावर असायला हवा होता.

तो शून्यावर नव्हता. थोडा चढत होता, थोडा उतरत होता. खोलीत कुणीतरी सावकाश वावरत असावं तसा.

तिने केबल बदलली, संगणक बदलला, रेकॉर्डरची तबकडी उघडून पाहिली. तबकडीवर त्या वेळेचं काही नव्हतं. पॅकेटं मात्र येत होती, अनुक्रमांक न चुकवता. पकडून उघडलं की प्रत्येक आतून रिकामं. तिने वहीत लिहिलं, 'मोजणीत चूक?' आणि प्लेअर तपासणीला पाठवून दिला.

तपासणी करणाऱ्याचं आडनाव भलतंच होतं, पण सगळे त्याला पंचनामे म्हणत. चूक सापडली की तो तिचा पंचनामा करी: वेळ, जागा, काय अपेक्षित होतं, काय घडलं. त्याच्या लग्नाच्या पत्रिकेतही त्याने तीन चुका काढल्या होत्या म्हणे, त्यांतली एक नवऱ्या मुलाच्या नावात. संध्याकाळच्या आत त्याची नोंद आली.

'अपेक्षित: करडा पडदा. प्रत्यक्ष: करडा पडदा येत नाही. एक वयस्कर गृहस्थ यंत्रामागून येतात. मनगटावरचं घड्याळ काढून शर्टाच्या खिशात ठेवतात. डावी बाही दुमडतात, मग उजवी. पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन उभे राहतात. खंड संपेपर्यंत तिथेच उभे. कुणाची तरी वाट बघत असावेत.'

तिने ती नोंद तीनदा वाचली. दवाखान्यातून बाबांच्या वस्तू कागदी पाकिटात घालून दिल्या होत्या, आणि घड्याळ शर्टाच्या खिशात मिळालं असं त्या पाकिटावर लिहिलं होतं. ते पाकीट तिच्या कपाटात होतं. पंचनामे तिच्या घरी कधी आला नव्हता. तिच्या वडिलांना त्याने कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. पडदा करडा झाला. तिला करडा दिसत होता. त्याचे डोळे पडद्यावर डावीकडून उजवीकडे सरकत गेले, चालणाऱ्या माणसामागे जातात तसे, आणि एका जागी थांबले. काटा चढला, उतरला. तिला ओल्या लोखंडाचा आणि वंगणाचा वास आला. तिने मागे वळून पाहिलं. मागे फक्त पाण्याची बाटली भरणारी हिशेबनीस होती.

"कोण आहेत हे?" पंचनामेने विचारलं.

"माझे वडील."

 त्याने विचारलं, "मग तू अशी कोरड्या डोळ्यांनी कशी बघतेस?"

"मला दिसत नाही," ती म्हणाली. "मला पडदा दिसतो."

त्याने तिच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक चूक कारणावाचून बंद केली. 'पुन्हा घडत नाही' असा शेरा मारला. म्हणाला, की खोटं आहे, पण यादीत याहून जवळचा शेरा नाही.

तिने फोनने पडद्याचे फोटो काढले. फोटोत करडं होतं. एकटीने चारदा चालवून पाहिलं; करडं. हिशेबनीसबाईंना काहीतरी निमित्त काढून मिनिटभर बसवावं असं मनात आलं, पण तिने ते केलं नाही. वडील म्हणजे काही तमाशा नव्हे. राग मात्र आला, आणि तो तिने कुणापाशी बोलून दाखवला नाही. त्या माणसाला ती जन्मभर ओळखत होती, आणि दिसला कुणाला, तर पत्रिकेतल्या चुका काढणाऱ्याला. ठीक आहे, तिने स्वतःशी म्हटलं. मला नाही दाखवायचं तर नका दाखवू. मी काही पुढे ढकलणार नाही.

आईला तिने सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण आईला सांगावं लागत नसे. रविवारी दुपारी शर्टाला बटण लावता लावता आई म्हणाली, की जे काय आहे ते आण इकडे. ती लॅपटॉप घेऊन आली आणि जमिनीवर आईच्या शेजारी बसली.

पडदा करडा झाला. आईचा हात सुईसकट हवेत थांबला.

यावेळी तिच्या उजव्या तळहाताला गारवा जाणवला. लोखंडाचा कठडा धरल्यावर लागतो तसा, आणि तेवढ्याच रुंदीचा. तिने मूठ मिटली, उघडली. गारवा गेला नाही. पाचव्या-सहाव्या मिनिटाला आई पडद्याला उद्देशून अगदी हळू म्हणाली, "सांभाळून." मग पुन्हा काही नाही. खंड संपला, रिकामी खुर्ची आली, उन्हाचा चौकोन दोन बोटं सरकलेला.

आईने दाताने दोरा तोडला. "एकटे नव्हते गं ते," ती म्हणाली.

"कोण होतं?"

"तू मला विचारतेस?"

आईने तिचा उजवा हात ओढून घेतला आणि आपल्या दोन्ही हातांत चोळला. लहानपणी थंडीत चोळायची तसा. पंचनामेने काय पाहिलं ते तिने नीट विचारून घेतलं. ते पायऱ्यांच्या तोंडाशी थांबले होते म्हणतो तो? एकटेच? मान हलवत आई म्हणाली, की मग हे दर खेपेला थोडं पुढे जातं. मी पाहिलं तेव्हा पहिल्या पायरीवर पाय ठेवला होता. दोघांनी.

तिने बुद्धीला पटेल असं काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. दुःखात माणसाला हवं ते दिसतं, वगैरे. आईने ते वारा अंगावरून जाऊ द्यावा तसं जाऊ दिलं.

"समितीच्या सुनावणीला हे दाखवू नकोस," आई म्हणाली. "नाव गेलं तर गेलं. गेलेल्या माणसाला नावाचं काय. तू मला हवी आहेस."

"मला नाव गेलेलं चालणार नाही."

"त्यांच्यावर गेलीस."

"कुणावर तरी जायचंच होतं, आई."

आईने शर्ट झटकला, घडी घातली. बाबांचा होता तो. 

सुनावणी बुधवारी अकरा वाजता होती, खात्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत. एक टेबल, त्यावर हिरवं कापड, झाकण घातलेले पाण्याचे पेले, भिंतीवर पडदा. समोर तिघं. मध्ये अध्यक्षबाई, पिकल्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांच्या उजवीकडे तो अहवाल लिहिणारे अभियंते. डावीकडे टिपण घेणारे कारकून, निवृत्तीला आलेले, हाताशी तीन पेनं आणि रेघा मारलेला कागद.

तिने काही लपवलं नाही. प्लेअर कुणाचा, नियम कुणाचा, ओळी कुणी लिहिल्या, सगळं सांगितलं. उन्हाचा चौकोन दाखवला. खुर्ची अकरा मिनिटं रिकामी होती असं म्हणणारं एकही चित्र या जगात नाही, म्हणाली. एका क्षणाचं चित्र आहे, आणि ते मी ताणलं.

अभियंत्यांनी मान डोलावली. चूक असेल, ते म्हणाले, पण त्याने त्यांची हजेरी तर सिद्ध होत नाही. रिकामी खुर्ची नाही, तर नाही, भरलेलीही नाही. तिला हे अपेक्षित होतं. तर्काने ते बरोबरच होतं. तिने मूळ रेकॉर्डिंग लावलं.

पडदा करडा झाला.

"यात काहीच नाही ना," अभियंते म्हणाले. "मग पुढे घ्या."

"पुढे जात नाही. ते बटण मी बंद केलं आहे."

"अकरा मिनिटं भिंत बघत बसायचं का ताई?"

"साहेब, माझ्या वडिलांच्या नावावर तुम्ही अकरा मिनिटं वीस सेकंद लिहिलीत. लिहायला किती वेळ लागला? आता तेवढी बसून काढा."

अध्यक्षबाईंनी अभियंत्यांकडे न बघता हात किंचित उचलला. ते बसले.

ती पडद्याकडे बघत नव्हती. तिथे तिच्यासाठी काही नव्हतं, हे आता तिला माहीत होतं. ती माणसांकडे बघत होती.

पहिल्या मिनिटात अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

अभियंते मागे रेलले होते. ते हळूहळू पुढे झाले आणि त्यांनी दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली.

कारकून लिहू लागले. करड्या पडद्याबद्दल एवढं काय लिहिण्यासारखं असतं, असं तिच्या मनात आलं. 

वास आला. ओलं लोखंड, वंगण, आणि आता त्याखाली पाण्याचाही. बंद जागेतल्या, खोल.

तळहात गार झाला. तिने खुर्चीचा हात धरला होता. तो लाकडी होता. हाताला लोखंड लागत होतं.

टाचेखाली कड आली.

तिने पाय उचलला नव्हता. बूट फरशीवर, जोडीने, तिला दिसत होते. तरीही एक पायरी खाली गेली. मग दुसरी. ती मोजत नव्हती, पण मोजणी होत होती. सात. आठ. शेजारी कुणाचा तरी श्वास होता, चढावर लागतो तसा धापेचा, ओळखीचा.

मागे फिरता येतं, हे तिला कळत होतं. हात लांब करून केबल उपटली की झालं.

तिने हात लांब केला नाही.

सोळाव्या पायरीला पाणी घोट्याला लागलं.

मग खांद्यांवर वजन आलं. जड, अडेल, गंजलेलं वजन, एक फेरा, दुसरा फेरा. तिने दात आवळले. समोर हिरवं कापड होतं, पाण्याचे पेले होते, त्यांवरची झाकणं होती. बावीस. तेवीस. शेजारचा श्वास अडखळू लागला. पंचवीस.

सव्वीस.

श्वास थांबला.

१४:१८:५१ ला पडद्यावर टेबल आलं, रिकामी खुर्ची आली, ऊन आलं.

 अभियंत्यांनी पेल्यावरचं झाकण काढलं, पाणी प्यायले नाहीत, झाकण पुन्हा ठेवलं.  मग म्हणाले, "ते वाक्य काढा."

"कुठलं?" अध्यक्षबाईंनी विचारलं. त्यांना माहीत होतं. कागदावर यावं म्हणून विचारलं.

"जागा सोडल्याचं. मी लिहिलेलं."

अध्यक्षबाईंनी शब्द शब्द सावकाश सांगितला: भोंगा वाजताच ऑपरेटर विनाविलंब व्हॉल्व्हकडे गेले, व काम करत असताना त्यांना मृत्यू आला. कारकुनांनी लिहिलं. मग त्यांनी अहवालाच्या सातव्या पानावर पट्टी ठेवून ते वाक्य एका सरळ रेघेने खोडलं. रेघ ओढल्याचा आवाज तिला ऐकू आला. बाहेर जिन्यावर कुणीतरी हसत चाललं होतं. तिला वाटलं होतं आता रडू येईल. आलं नाही. आईला फोन करायचा, एवढंच मनात आलं.

अध्यक्षबाई उठल्या. जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेल्या आणि ठेवला नाही. अभियंते त्यांच्या मागोमाग गेले, तिच्या बाजूने नव्हे, टेबलाला वळसा घालून.

कारकुनांनी टिपण तिच्यापुढे सरकवलं. साक्षीदाराची सही लागत होती. अक्षर सुंदर होतं, जुन्या वळणाचं. डावीकडे वेळ, उजवीकडे तपशील.

१४:०८. ऑपरेटर यंत्रामागून येतात. घड्याळ काढून खिशात ठेवतात.

१४:०९. ऑपरेटर व त्यांची कन्या, म्हणजे प्रस्तुत साक्षीदार, पायऱ्या उतरतात.

त्या मंगळवारी ती तिथून बत्तीस किलोमीटरवर, आपल्या टेबलाशी होती. एका ग्राहकाला तिने १४:११ ला पाठवलेलं उत्तर अजून तिच्या मेलमध्ये होतं. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. मग हे पान खोटं ठरलं असतं, आणि पान खोटं ठरलं की खोडलेलं वाक्य पुन्हा जिवंत झालं असतं.

तिने पेन मागितलं.

"एवढी एक जागा राहिली आहे," कारकून म्हणाले. ते तिच्या नजरेला नजर देत नव्हते. शेवटच्या ओळीत तपशील लिहिलेला होता: साक्षीदार वर येतात. डावीकडे वेळेची जागा कोरी होती. "मी शेवटपर्यंत बघत होतो, ताई. पापणी लवली नाही माझी. तुम्ही वर आलेल्या मला दिसला नाहीत. कधी आलात, तेवढं तुम्हीच घाला."

तिने त्या कोऱ्या जागेकडे पाहिलं. पायाखाली पायरीची कड तशीच होती.

"राहू दे मोकळी," ती म्हणाली, आणि खाली सही केली.